धबधबे आणि वाटाड्या

मृगाचा पाऊस स्थिरावून आर्द्रा लागल्या की मुंबई, पुणे आणि नाशिक या शहरांतील दुकानांच्या काचांवर, वृत्तपत्रांच्या कोपऱ्यांत आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर एका ठरावीक नमुन्याची जाहिरात दिसू लागते : एका दिवसात भंडारदरा, सात धबधबे, चहा-नाश्ता व जेवणासह. बस पहाटे अंधारात सुटते, कसारा घाट चढून घोटीला वळते, बारी गावाजवळ ढगांत लपलेले कळसूबाईचे शिखर मागे टाकते आणि मध्यरात्रीच्या सुमारास प्रवाशांना चिंब कपड्यांनिशी परत आणून सोडते.

या प्रकाराला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. डोंगर पायी तुडवणाऱ्यांच्या मते ही सहल नव्हेच, ही हजेरी होय. बसमधून उतरायचे, छायाचित्र काढायचे, भजी खायची आणि पुढच्या धबधब्याकडे पळायचे, यात पाहणे कोठे आले, असा त्यांचा सवाल असतो. सवाल अगदीच चुकीचा नाही. मुंबईहून भंडारदरा सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. जाण्यायेण्यात आठ-नऊ तास सरतात आणि उरलेल्या वेळाची सात धबधब्यांत वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला फार काही उरत नाही.

तथापि या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ज्याला डोंगर पाहायचा आहे त्याच्याजवळ वेळ, वाहन आणि दणकट पाय आहेत. प्रत्यक्षात या बसमध्ये कोण बसलेले असते? आठवड्यातून एकच सुट्टी मिळणारा दुकानातला नोकर, रात्रपाळी उरकून आलेली परिचारिका, नातवंडांबरोबर आलेली आजी, उभ्या आयुष्यात घाटमाथ्यावरचा पाऊस न पाहिलेले कुटुंब. यांच्याजवळ एक दिवसच असतो. तो दिवस तोकडा म्हणून त्यांना हसणे म्हणजे निसर्ग हा सवडवान लोकांचाच आहे असे म्हणण्यासारखे आहे. दिवस एक असावा की चार, हा मुळी महत्त्वाचा प्रश्न नव्हे. पुढे कोण चालतो आहे, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक सहलींत पुढे चालणारा माणूस बसबरोबर शहरातूनच आलेला असतो. त्याच्या गळ्यात शिटी आणि हातात यादी असते. 'हा अंब्रेला फॉल, वीस मिनिटे. तो नेकलेस फॉल, पंधरा मिनिटे', एवढे त्याचे निरूपण. धबधब्यांची ही नावे ऐकताना क्षणभर थांबायला हवे. अंब्रेला, नेकलेस, रिव्हर्स ही नावे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या महादेव कोळ्यांनी किंवा ठाकरांनी ठेवलेली नव्हेत. ती पाहुण्यांची नावे आहेत आणि आता घरच्यांनाही ती वापरावी लागतात, कारण पाहुणा तीच विचारतो. ज्या मुलखाने राघोजी भांगरे यांच्यासारखा इंग्रजांविरुद्ध उठलेला आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेला क्रांतिकारक दिला, त्या मुलखाची ओळख 'छत्री' आणि 'हार' एवढ्यावर आटोपावी, हे काही बरे नव्हे.

आता याच सहलीत शेंडी किंवा मुतखेल गावचा एखादा वाटाड्या बसमध्ये चढला, तर काय फरक पडतो ते पाहावे.

पहिला थांबा बहुधा रंधा धबधबा हा असतो. येथे प्रवरा नदी अदमासे १७० फूट खोल घळीत उडी घेते. काठावर घोरपडादेवीचे ठाणे आहे. शहरातला शिटीवाला 'कठड्याच्या आत राहा' एवढे सांगून मोकळा होतो. गावचा वाटाड्या मात्र सांगतो की पावसाळा सरल्यावर येथे याल तर बहुधा नुसता खडक दिसेल, कारण नदीचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळवले जाते. धबधबा ही निसर्गाची देणगी, हे वाक्य प्रत्येकाने शाळेत घोकलेले असते. येथे मात्र तिची किल्ली माणसाच्या हाती आहे. अंब्रेला फॉलची गोष्ट तर याहून उघड आहे. तो मुळात धरणाचाच एक भाग होय. धरणाच्या भिंतीतील मोरीतून सोडलेले पाणी एका गोलसर खडकावर पडून छत्रीसारखे पसरते. ज्या दिवशी मोरी बंद, त्या दिवशी छत्री मिटलेली.

हे धरण इंग्रजी अमदानीत बांधले गेले आणि १९२६ साली पुरे झाले. तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच भिंतींपैकी एक होती. तिच्यामागे साठलेल्या पाण्यावर खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत कालवे निघाले, ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. प्रवराकाठच्या सुबत्तेचे मूळ या घाटमाथ्यावरच्या पावसात आहे. मात्र ज्या डोंगरावर तो पाऊस पडतो, तेथील वाड्यावस्त्यांवर फाल्गुन-चैत्रात बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यांचा तळ खरवडतात. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण अशाच गावांत जन्मते. सह्याद्रीचा हा खडक लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते थर काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, टणक थर पायरीसारखा पुढे उरतो आणि पाणी त्या पायरीवरून खाली कोसळते. धबधबा होतो तो असा. पण हाच कठीण कातळ आणि हाच तीव्र उतार पाणी पोटात फारसे धरून ठेवत नाही. दिवाळीपर्यंत बहुतेक ओढे आटतात. प्रवाशाला ज्या कारणाने धबधबा दिसतो, जवळजवळ त्याच कारणाने गावकऱ्याला उन्हाळ्यात पाणी दिसत नाही. हा विरोधाभास कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो. तो सांगायला तहान सोसलेला माणूसच लागतो.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता पुढे पांजरे, उडदावणे करीत घाटघरला पोहोचतो. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात (हा जिल्हा पूर्वी अहमदनगर होता, २०२४ पासून अहिल्यानगर झाला आहे). गावाच्या पलीकडे जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण उघडे पडते. अर्थात ढगांनी कृपा केली तर. या कड्यावर बहुतेक सहली वाऱ्याने उलटे उडणारे पाणी पाहून शहारतात आणि परततात. पाण्याचा धागा वाऱ्यात सापडून पुन्हा वर येतो, हे दृश्य खरोखरच अपूर्व असते, त्याला कोणी कमी लेखू नये. परंतु वाटाड्या बोलका असेल तर तो पायाखालच्या जमिनीकडे बोट करतो. येथे दोन-चार पावलांच्या अंतरावर पडणाऱ्या दोन थेंबांचे प्राक्तन वेगळे असते. पश्चिमेकडचा थेंब कड्यावरून शहापूरच्या बाजूला उतरतो आणि शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्र गाठतो. पूर्वेकडचा प्रवरेत जातो, प्रवरासंगमापाशी गोदावरीला मिळतो आणि सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला पोहोचतो. मुंबईला पाणी पुरवणारे भातसा आणि तानसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तो तालुका याच कड्याच्या पायथ्याशी पसरला आहे. सकाळी मुंबईच्या नळाखाली तोंड धुऊन निघालेला प्रवासी दुपारी त्या नळाच्या मुलखाचे छप्पर पाहत असतो. हे त्याला कोणी सांगितले नाही, तर तो केवळ धुके पाहून परत जाईल.

पाणी उलटे चढवण्याचे काम येथे एकटा वाराच करीत नाही. २००८ पासून घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प चालतो. विजेची मागणी कमी असते तेव्हा कड्याखालच्या तलावातले पाणी पंपांनी वरच्या तलावात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी त्याची रीत. खरा उलटा धबधबा डोंगराच्या पोटात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

येथवर ज्ञानाची बाजू झाली. यापेक्षा निकडीची बाजू प्राणांची आहे.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे देशभर दूरदर्शनच्या पडद्यावर दिसली. काही क्षणांपूर्वी ती घोटाभर पाण्यात आनंदाने उभी होती. त्यानंतर पुणे जिल्ह्यात अनेक पर्यटनस्थळी प्रतिबंधात्मक आदेश निघाले. असे आदेश आता दर पावसाळ्यात निघतात आणि दर रविवारी मोडले जातात. बंदीची पाटी माणसाला 'येऊ नको' म्हणते, पण का येऊ नये ते सांगत नाही. वाटाड्या ते सांगू शकतो. समोर ऊन पडलेले असले तरी वर डोंगरात सर कोसळत असेल, तर पाणी अचानक चढते. चढण्याआधी ते गढुळते, काटक्या आणि पाने वाहून आणू लागते, त्याचा आवाज जड होतो. शेवाळलेल्या कातळावर नवा बूटही घसरतो आणि धबधब्याखालचा डोह वरून दिसतो तेवढा शांत नसतो. ही चिन्हे लहानपणापासून गुरे राखताना शिकलेला माणूस बरोबर असेल, तर तो वेळीच हाक देतो.

मात्र त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार हवा. अशा सहलीत हमखास घडणारा प्रसंग असा. साम्रदजवळची सांदण दरी पाहायचीच, असा एखाद्या टोळक्याचा हट्ट असतो. दोन कड्यांमधली ती अरुंद घळ पावसाळ्यात पाण्याची नळी बनते. वाटाड्या म्हणतो, 'दादा, आता नाही जायचं तिकडं. दिवाळीनंतर या, मी स्वतः उतरवीन.' उत्तर मिळते, 'पैसे भरलेत आम्ही.' अशा वेळी सहल काढणारा जर प्रवाशाची बाजू घेणार असेल, तर वाटाड्या असून नसल्यासारखा. सांगून न ऐकणाऱ्यापुढे तोही दुबळाच असतो. म्हणून ज्याच्या शब्दावर बस मागे फिरते तोच खरा मार्गदर्शक, बाकीचे वाढपी, हे सहल काढणाऱ्यांनी आणि पैसे भरणाऱ्यांनी आधीच मान्य करायला हवे.

आता व्यवहाराचा मुद्दा. गावाला या सहलींतून काय मिळते? शहरातून शिधा, आचारी आणि शिटीवाला घेऊन येणारी बस मागे प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवते आणि उडालेला चिखल. जी बस गावातल्या घरी नाचणीची भाकरी, पिठले आणि इथल्या तांदळाचा भात जेवते, तिचे निदान काही पैसे चुलीपर्यंत पोहोचतात. जलाशयाच्या काठी तंबू लावून देणे, जेवण करून घालणे, वाट दाखवणे हे आता येथील तरुणांचे उद्योग झाले आहेत आणि त्यामुळे काहींचे स्थलांतर टळले असेल, तर ते स्वागतार्हच आहे.

पण येथे एक पेच आहे आणि तो फारसा कोणी ध्यानात घेत नाही. धबधबे भरात येतात तेव्हाच भाताची आवणी असते. जुलै महिन्यात रोप खाचरात गेले नाही तर वर्षाचे भात हातचे जाते. ज्या चार-सहा आठवड्यांत शहराला वाटाड्या हवा असतो, त्याच आठवड्यांत शेताला तो हवा असतो. रविवारची बस त्याला अर्ध्या दिवसासाठी थोडे पैसे देते आणि तेवढ्यासाठी घरच्या बायका त्याच्या वाटणीची आवणी वाकून पुरी करतात. वाटाड्याचा मेहनताना ठरवताना हा हिशेब कोणी धरत नाही. जेवणाच्या ताटाचा भाव जाहिरातीत छापलेला असतो, वाटाड्याचा नसतो. तो बसच्या दारात, घासाघीस करून, उपकार केल्याच्या सुरात दिला जातो. आवणीच्या दिवसात गावात मजूर लावण्याचा जो दर असेल, त्याहून वाटाड्याचा मोबदला कमी असता कामा नये, हे मागणे मुळीच अवाजवी नाही. तिकिटामागे थोडे रुपये वाढतील. ज्यांनी पावसाच्या ओढीने पहाटे तीनला उठून बस पकडली, ते तेवढे खात्रीने देतील. सहल काढणाऱ्याने ते मागायला मात्र हवेत.

सायंकाळी रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापाशी सहल शेवटची थांबते. जुन्या दगडी शिखरावरून पाणी ओघळत असते, मागे रतनगड ढगात गुरफटलेला असतो. प्रवासी पुष्करणीच्या काठी छायाचित्रे काढतात, चहा पितात, ओले मोजे पिळतात. सातवा धबधबा पाहायचा राहून गेला म्हणून कोणी कुरकुरते. मग बस निघते. मुतखेलच्या फाट्यावर वाटाड्या उतरतो, डोक्यावर इरले घेतो आणि दिवस मावळायला अजून थोडा वेळ आहे म्हणून घराकडे न वळता खाचराच्या बांधाने चालू लागतो.