खोटा धीर नको, लेकराला खरे सांगा

संक्रांतीला गच्चीवरचे पतंग, उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडे आणि भिंती, आणि आपल्या संभाजीनगरात बारा महिने पाण्याच्या ड्रमवर, टाक्यांवर चढउतार. लेकराचा हात मोडायला एवढे पुरे होते. पडताना मूल हात टेकवते आणि सगळा भार मनगटावर किंवा कोपरावर येतो. कोपराच्या अगदी वरचे हाड तर पाच ते सात वर्षांच्या वयातच जास्त मोडते.

लहान मुलांचे हाड लवकर जुळते. मनगटाजवळची साधी मोड बहुधा तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. पण हे आठवडे मूल कसे काढते, याकडे आपल्या वस्त्यांत फारसे लक्ष दिले जात नाही. "काही होत नाही", "रडायचं नाही, वाघ ना तू?", "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील" ही आपली धीर देण्याची भाषा. आमच्या मते ही भाषा धोक्याची आहे. प्लास्टरच्या आत काय होते आहे, हे सांगू शकणारे एकटे ते मूलच असते. रडण्यावरून दटावलेले मूल पुढे दुखणेही लपवते.

हा धोका काल्पनिक नाही. घट्ट बांधणीमुळे हाताचा रक्तपुरवठा अडतो, स्नायू मरतात आणि बोटे कायमची वाकडी होतात, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्येच लिहून ठेवले. तरीही आजही हात मोडला की कुणी दृष्ट काढत बसते, कुणी हाडवैद्याकडून लेप लावून कामट्या आवळून घेते. पहिले तास असे वाया घालवू नयेत. हात हलणार नाही अशा बेताने झोळीत घेऊन सरळ दवाखाना गाठावा आणि एक्स-रे काढून घ्यावा.

प्लास्टर घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. दिवसातून अनेकदा बोटे पाहावीत आणि मुलाला बोटे हलवायला सांगावे. बोटे निळी किंवा पांढरी पडली, गार झाली, मुंग्या आल्या, औषध देऊनही दुखणे वाढत गेले, किंवा बोट सरळ करताच मूल किंचाळले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी घाटीचा अपघात विभाग गाठावा. मुलालाही सांगून ठेवावे, "असं झालं तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही." चार वर्षांच्या मुलालाही एवढे समजते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्लास्टरच्या आत घाम येतो आणि खाज सुटते. मूल मग पट्टी, पेन्सिल, विणायची सुई आत घालते. त्याने जखम होते आणि ती आतल्या आत चिघळते. नुसते ओरडण्यापेक्षा प्लास्टरवर बाहेरून टिचक्या माराव्यात, पंख्याखाली बसवावे, गोष्टीत गुंतवावे. आत तेल किंवा पावडर घालू नये. प्लास्टर भिजू देऊ नये. ओल्या फडक्याने अंग पुसले तरी चालते.

हात मोडला म्हणून मुलाला आठवडेच्या आठवडे घरी बसवणे आम्हाला पटत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की शाळेत पाठवावे. उजवा हात अडकला असेल तर बाईंना भेटून उत्तरे तोंडी घेण्याची विनंती करावी. आणि मुलगी असेल तर "दुसरा हात मोकळा आहे ना" म्हणून तिच्यावर भांडी आणि धाकटे भावंड टाकू नये. विश्रांतीचा हक्क तिलाही तेवढाच आहे.

सूज उतरली की प्लास्टर सैल होते आणि हाड सरकू शकते. म्हणून डॉक्टर आठवडाभराने पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. ही फेरी म्हणजे रोजंदारीवरच्या आईबापाला एका दिवसाचा खाडा, आणि नेमकी तीच टाळली जाते. शेजारच्या मावशीने किंवा मंडळाच्या कार्यकर्त्याने त्या दिवशी मुलाला नेले, तर ती मोठी मदत ठरेल.

प्लास्टर काढण्याच्या यंत्राचा आवाज ऐकून मुले घाबरतात. आदल्या दिवशीच सांगावे की, आवाज मोठा असतो, हाताला थरथर जाणवते, पण त्याचे पाते गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. डॉक्टरांना विनंती केली तर ते मुलाला यंत्र आधी दाखवतील. हात बारीक आणि कातडी कोरडी दिसेल, हेही आधीच सांगावे. नंतर कोपर अखडलेले असते. ते सुटावे म्हणून जोर लावून मालीश करू नये; त्याने कोपराभोवतीच्या स्नायूत हाड धरू शकते. मूल खेळता खेळता हात स्वतःच मोकळा करते.

"दुखणार नाही" असे सांगून पुढच्या क्षणी दुखले, तर मूल त्यानंतर आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. "थोडं दुखेल, मी इथंच आहे" एवढे खरे बोलायला पैसा लागत नाही.