सोनोग्राफी खाटेपर्यंत न्या

अपघातातील रुग्णाच्या पोटात रक्त साचते आहे का, त्याला तातडीने सोलापूरला हलवावे का, हे ठरवायला खाटेजवळची सोनोग्राफी काही मिनिटांत मदत करते. बार्शीच्या ग्रामीण भागात हे कौशल्य परिचारिकांनाही शिकवले पाहिजे. त्यांना ते जमेल का, ही शंका निदान बार्शीने तरी घेऊ नये. येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात केलेल्या १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात गर्भाशयमुखाची तपासणी प्रशिक्षित परिचारिकांनीच केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांची दखल जगाने घेतली.

अडसर कायद्याचा आहे आणि त्यामागचे कारण खरे आहे. याच यंत्राच्या आधाराने गर्भातल्या मुली मारल्या गेल्या. म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने आणि १९९४ मध्ये केंद्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. तो तसूभरही सैल होता कामा नये. एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांत सहा महिन्यांचे प्रशिक्षण आहे; परिचारिकांना मात्र वाटच नाही. फुफ्फुस, हृदय आणि अपघाती रक्तस्राव एवढ्यापुरती, गर्भाशयाची तपासणी पूर्ण निषिद्ध ठेवून आणि प्रत्येक वापराची नोंद सक्तीची करून, सरकारने ती वाट खुली करावी. पहिली तुकडी बार्शीत घ्यावी.