विश्लेषण : ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तुमचा समाज का विचारू शकतात?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी 'तुम्ही आर्य वैश्य का?' असं विचारलं, तर राग येणं साहजिक आहे. हॉस्पिटलात जातीचं काय काम? पण हा प्रश्न एका जनुकामुळे विचारला जातो.

नेमकं काय घडतं?

पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी, विशेषतः इमर्जन्सीत, स्नायू झटपट सैल करणारं सक्सिनिलकोलिन वापरतात. रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज हे एन्झाइम ते लगेच मोडतं आणि ५ ते १० मिनिटांत असर ओसरतो. काहींच्या रक्तात मात्र हे एन्झाइम जवळपास नसतंच. मग तोच असर काही तास टिकतो आणि रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येत नाही. हे लक्षात न येता भूल उतरवली, तर रुग्ण जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं, पण बोटही हलवता येत नाही.

कारण काय?

हे एन्झाइम बनवणाऱ्या 'बीसीएचई' जनुकातला बदल. आई आणि वडील दोघांकडून बदललेली प्रत आली, तर त्रास होतो. अशा व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांनाही तो असण्याची शक्यता किमान २५ टक्के असते. एरवी तब्येत ठणठणीत असते, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही.

एकाच समाजात जास्त का?

पिढ्यान् पिढ्या समाजातच लग्नं झाली की मोजक्या पूर्वजांमधला बदल सगळीकडे पसरतो. हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात ही कमतरता इतरांपेक्षा सुमारे १०० पट जास्त आढळते. मराठवाड्यातही आर्य वैश्य समाज मोठा आहे. अर्थात, हा बदल कुठल्याही समाजातल्या व्यक्तीत असू शकतो.

मग घाबरायचं का?

नाही. आधी माहीत असेल, तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात. ऐनवेळी कळलं, तरी झोपेचं औषध चालू ठेवून व्हेंटिलेटरवर ठेवतात आणि असर ओसरला की रुग्ण पूर्ववत होतो.

तुम्ही काय कराल?

घरात कुणाला ऑपरेशननंतर शुद्धीवर यायला किंवा श्वास घ्यायला फार वेळ लागला होता का, हे आज विचारून घ्या. तसं असेल, तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. साध्या रक्त तपासणीतून एन्झाइमचं प्रमाण कळतं. कमतरता निघाली, तर भावंडांनाही तपासणी करायला सांगा आणि रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.