हार घातला, हवा पाहिली का?

दसऱ्याला आपल्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. प्रत्येक गाडी नवरीसारखी नटलेली! हेडलाइटवर झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. मला ही प्रथा मनापासून आवडते, उगीच गैरसमज नको. त्या निमित्ताने तरी माणूस गाडीजवळ पाच मिनिटं बसतो. पण जो हात हार घालायला हेडलाइटपर्यंत जातो, तोच हात दीड फूट खाली टायरपर्यंत का जात नाही, हा माझा साधा प्रश्न आहे. हार ताजा, टायर मात्र गोटा!

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर.)

आपण लाल डब्याची किती टर उडवतो. खडखडते, गळते, वगैरे. पण कायद्याने बघायला गेलं तर त्या एसटीची, हातखंब्याला सोडणाऱ्या रिक्षाची, चिऱ्यांच्या ट्रकची ठराविक काळाने तपासणी होते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आणि आपली स्वतःची बाइक किंवा सरांची कार? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन एकदा झालं की पंधरा वर्षं! पंधरा वर्षांत एकदाही कुठलाही सरकारी माणूस येऊन तुमचा ब्रेक दाबून बघणार नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, धूर मोजतो आणि कागद देतो. त्या कागदावर ब्रेकबद्दल एक अक्षर नसतं. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा केवढी चर्चा झाली. पण आपल्या भाट्याच्या पुलावर कोण उभं राहणार आहे? म्हणजे पंधरा वर्षांसाठी आपल्या गाडीचा इन्स्पेक्टर आपणच. आणि हा इन्स्पेक्टर बहुतेक वेळा झोपलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, "अगं, आम्ही सर्व्हिसिंग करतो की!" करता, मान्य. पण कधी? किलोमीटर झाले की. हॉस्टेलच्या बाइकचं रनिंग किती? कॉलेज, मारुती मंदिर, रविवारी मांडवी, झालंच तर महिन्यातून एकदा गणपतीपुळे. किलोमीटर भरतच नाहीत, म्हणून सर्व्हिसिंग पुढच्या सेमला. पण गंज किलोमीटर मोजत नाही! गाडी उभी असली तरी तो आपलं काम करतच असतो, आणि रत्नागिरीत तर ओव्हरटाइम करतो. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी कोरोजन पाठ केलं: लोखंड, ऑक्सिजन, पाणी आणि वेग वाढवायला क्षार. दहा मार्कांचा प्रश्न. या चारही गोष्टी आपल्याला फुकट, बारा महिने. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले दिवस खारा वारा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. आरे-वारेच्या रस्त्यावर काच खाली करून आपण जो "मस्त वारा" खातो, त्यातलं थोडं गाडीही खाते. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी गाडी खालून ओलीच असते.

म्हणून मला आपल्याकडच्या गाडी धुण्याबद्दलच बोलायचं आहे. आपण धुतो काय? जे दिसतं ते. बोनेट, काचा, टाकी, झालंच तर अलॉय व्हील. शाम्पू, पॉलिश, चकाचक! आमच्या घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांनी एकदा अशीच एक चकाचक कार लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. "बघ गो बाय, वरून धुतली म्हंजे झाला नाय. खालनं कोन बघनार?" खाली सायलेन्सरच्या क्लॅम्पला हात लावला तर पापुद्रे सुटत होते, आणि ब्रेकच्या पाइपवर तांबूस पुटकुळ्या आल्या होत्या. मालक म्हणे दर रविवारी गाडी धुतो! मेकॅनिकलला आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे मी गाडीखाली वाकले की लोक आधी मलाच बघतात. बघू देत. पण जाता जाता तो पाइपही बघा की!

बीचवर गाडी नेणारे तर वेगळेच. वाळूवर बाइक घालायची, लाटेत चाकं भिजवायची, फोटो काढायचा आणि तशीच गाडी आणून पार्किंगमध्ये लावायची. तिथून आल्यावर त्याच दिवशी साध्या गोड्या पाण्याने खालून धुवा. मडगार्डच्या आतून, चेनवरून, स्टँडच्या खाचांमधून. शाम्पू नसला तरी चालेल. चेन वाळली की तिला ऑइल द्या. एवढंच.

कारवाल्यांसाठी (म्हणजे मुख्यतः स्टाफसाठी, सॉरी सर, मॅडम!) आणखी एक. आपण सावली म्हणून आंब्याखाली, फणसाखाली गाडी लावतो. पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ जी जाळी असते तिच्यात पानं साचतात, कुजतात आणि पाणी निघून जायची भोकं बुजवतात. मग पावसाळ्यात पाणी आत उतरतं, पायाखालचं मॅटिंग ओलं होतं, वास येतो आणि आपण परफ्यूम विकत आणतो! दरवाज्यांच्या खालच्या कडेलाही अशी छोटी भोकं असतात. ती बुजली की दार आतून सडतं. गाडीला खालून कोटिंग करून घेताना ती भोकं त्यातच लिंपली जात नाहीत ना, हे उभं राहून बघा. बिलावर कोटिंग लिहिलेलं असतं, भोकं बुजवल्याचं कोणी लिहीत नाही.

गंजाने गाडीची किंमत कमी होते, ते एक वेळ सोडा. पण आपल्यापैकी अर्ध्याअधिक मुलांची घरं घाटापलीकडे आहेत. कोल्हापूर-सांगलीचे आंबा घाटाने, कराड-साताऱ्याचे चिपळूणहून कुंभार्ली घाटाने, मुंबईकडचे हायवेने भोस्ते आणि कशेडी करत. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोघं-दोघं बाइकवर बसून, पाठीला सॅक लावून हीच मंडळी घाट उतरून परत येतात. थोडं फिजिक्स करू. समजा एक टनाची कार चारशे मीटर उतरवायची. एमजीएच काढा, साधारण एकोणचाळीस लाख ज्यूल. तेवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचं बारा लिटर पाणी उकळेल, आपल्या हॉस्टेलला सकाळी गरम पाण्याची जेवढी बादली मिळत नाही तेवढं! ही उष्णता एकतर इंजिन सोसेल, म्हणजे तुम्ही खालच्या गिअरमध्ये उतरलात तर, नाहीतर ब्रेक सोसतील. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

आणि ब्रेक सोसणार कशाच्या जोरावर? त्या छोट्या डबीतल्या ब्रेक ऑइलच्या. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते! पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी जातच राहते. आपल्या दमट हवेत हे ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच हवं, गाडी चालो न चालो. ऑइल पिवळसर पारदर्शक न राहता चहासारखं काळपट झालं असेल तर दोन वर्षांचीही वाट बघू नका. मी वर्गात सहज विचारलं, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? बहुतेकांचं उत्तर होतं, "ते बदलतात?" इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ही स्थिती! साध्या ड्रम ब्रेकच्या बाइकवाल्यांनी खूश होऊ नये. त्यांनी ब्रेकची वायर दोन्ही टोकांना बघावी, एखादी तार तुटून केसासारखी बाहेर आली असेल तर वायर बदलायची वेळ झाली. मागच्या ड्रमजवळ लायनर किती उरलंय ते दाखवणारा बाणही असतो. कंपनीने दिलाय, आपण मातीने झाकलाय.

टायरचं तर सगळ्यात सोपं. कायद्यानेच कारसाठी १.६ मिलिमीटर आणि दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर नक्षी उरायला हवी. मोजपट्टी नको, खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सेकंडहँड बाइक घेताना सगळे मायलेज विचारतात, हे चार आकडे वाचत कोणी नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. स्टेपनीचीही. मागचा लाल दिवा लागतो का हे एकट्याला बघायचं असेल तर रात्री गाडी कॉलेजच्या कंपाउंडच्या भिंतीला पाठ करून लावा आणि ब्रेक दाबा. भिंत लाल झाली पाहिजे.

पावसाळ्याचं एकच सांगते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघूया" म्हणून चावी फिरवायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसतच नाही, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. बॅटरी सोडवा, गाडी ओढून न्या. असो.

आता प्राचार्य सर आणि रेक्टर सरांना एक विनंती. गॅदरिंगला आपण बाइक सजवण्याची स्पर्धा घेतो. त्याऐवजी, किंवा बरोबर म्हणा, दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक शनिवार द्या. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर आहे. हवेचा गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो आम्ही वर्गणीने आणू. थर्ड इयरची चार मुलं आणि गॅरेजवाले काका एवढी माणसं पुरेत. प्रत्येक गाडीला दहा मिनिटं: हवा, नक्षी, ब्रेक, दिवे, खालून टॉर्च. आरसे काढून ठेवणाऱ्या हिरोंना आरसे परत लावायला अजून पाच मिनिटं. काकांना मी विचारलंय, ते यायला तयार आहेत, फक्त दुपारी जेवायला घरी जाणार म्हणाले. वर्कशॉपची चावी कोणाकडे असते तेही मला माहीत आहे. परवानगी तेवढी हवी.