इंग्रजी वाक्प्रचार आणि आपला व्यवहार

इंग्रजांचे राज्य १९४७ साली गेले. त्यांची भाषा मात्र गेली नाही. घटनेच्या ३४८ व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीतच चालते, आणि परमुलखाशी व्यापार करणाऱ्या पेढ्यांचा पत्रव्यवहारही बहुधा त्याच भाषेत होतो. अशा स्थितीत व्याकरण घोकले व शब्दकोश चाळला म्हणजे इंग्रजी आली, ही आमच्याकडील समजूत घातक आहे.

भाषेचा जीव सुट्या शब्दांत नसून वाक्प्रचारांत असतो. चोर हातावर तुरी देऊन पळाला, असे परकीयास शब्दशः सांगितले तर तो तुरीचा भाव विचारील! आपण त्यास हसू. परंतु इंग्रजी वाचताना आपलीही गत तीच होते. अमुक कंपनी 'इन द ब्लॅक' आहे, हे वाचून नवशिक्यास काळ्या बाजाराची शंका येते. वस्तुतः ती नफ्यात असते. तोट्याचे आकडे तांबड्या शाईने व नफ्याचे काळ्या शाईने मांडण्याच्या वहिवाटीतून हा प्रयोग निघाला.

याहून गंभीर उदाहरण कायद्यातले आहे. तडजोडीच्या पत्राच्या माथ्यावर 'विदाउट प्रेज्युडिस' असे शब्द असतात. कोश पाहणारा त्यांचा अर्थ 'पूर्वग्रह न ठेवता' असा करील व ते निव्वळ सौजन्य समजेल. खरा अर्थ असा की, या पत्राने लिहिणाराच्या हक्कास बाध येत नाही व त्यातील देकार दिवाणी दाव्यात त्याची कबुली म्हणून सामान्यतः पुढे करता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. हे न जाणता जो व्यापारी 'निम्मी रक्कम देतो, वाद मिटवा' असे साधे पत्र धाडतो, त्याचीच लेखणी उद्या त्याच्याविरुद्ध साक्ष देण्याचा संभव असतो.

परक्यांचे वाक्प्रचार शिकणे हे दास्य होय, असे कोणी म्हणतील. न समजता सही करणे, हेच आमच्या मते खरे दास्य! इंग्रजी विद्येत मुरलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीच १८७४ साली 'निबंधमाला' काढून मराठीचा अभिमान जागविला, हे विसरू नये. शिक्षकांनी प्रत्येक वाक्प्रचार अखंड, प्रसंगासह व जुळत्या मराठी प्रयोगाच्या जोडीने शिकवावा. त्याने परकी भाषा कळेल, आणि शब्दशः भाषांतराने होणारी मराठीची विटंबनाही टळेल.