नव्याचे नऊ दिवस आणि पुढचा हंगाम



गावात नवा ग्रामसेवक आला, सोसायटीला नवा चेअरमन मिळाला, कारखान्यावर नवे संचालक मंडळ बसले, की चार दिवस पारावर दुसरा विषय नसतो. "हा माणूस काम करणार बघा," असे जो तो सांगतो. वर्ष सरते आणि तीच तोंडे म्हणू लागतात, "आधीचाच बरा होता." ही रीत फक्त खेड्याची आहे असे समजू नका. मुंबईसारख्या शहरातही ती आहे, आणि सगळ्यांत उघडी दिसते ती फुटबॉलच्या मैदानावर. आज तुम्हाला तिकडेच घेऊन जाणार आहे. पीकपाण्याचे सोडून हे कुठे निघाले, असे म्हणू नका. शेवटी आपण आपल्याच वावरात येणार आहोत.

कोल्हापूरकडच्या वाचकांना फुटबॉल सांगायला नको. तिथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा गोळा होतात. बाकीच्यांसाठी थोडे सांगतो. मुंबईत लालबाग-परळ म्हटले की कबड्डी आणि दादर म्हटले की क्रिकेट, हे आपल्याला ठाऊक असते. पण फुटबॉलही या शहरात जुना आहे. कामासाठी मंत्रालयात गेलात तर तिथून पायी थोड्याच अंतरावर कुपरेज नावाचे मैदान लागते. १८९१ साली मुंबईत सुरू झालेल्या रोव्हर्स कप स्पर्धेचे मोठमोठे सामने याच कुपरेजवर झाले. कलकत्त्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल तिथे खेळून गेले. मफतलाल आणि ओर्के या गिरण्यांचे संघ होते, टाटा, महिंद्र, एअर इंडिया यांचे होते. आपण शेतात टाकतो त्या 'सुफला' खताची कंपनी, म्हणजे आर.सी.एफ., तिचाही संघ मुंबईच्या मैदानांवर उतरत असे.

कारभारी म्हणजे कोण?

फुटबॉल संघात मैदानावर अकरा खेळाडू असतात, पण त्या अकरांना निवडणारा, सराव करून घेणारा, कोणी कुठे उभे राहायचे हे ठरवणारा माणूस मैदानाबाहेर असतो. इंग्लंडात त्याला मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे प्रशिक्षक. आपल्या भाषेत तो संघाचा कारभारी. संघ जिंकला तर खेळाडूंना खांद्यावर घेतात आणि हरला तर कारभाऱ्याला घरी पाठवतात. त्यामुळे नवा कारभारी आला, की संघावर जीव टाकणाऱ्या लोकांची आशा एकदम फुलून येते. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आपली येते तशीच.

ही आशा खोटी नसते. पण ती कशावर बांधावी, हे समजायला कुपरेजवरचीच एक गोष्ट पुरे आहे.

सात हंगाम आणि एक वर्ष

२००७ साली मुंबई एफ.सी. नावाचा क्लब निघाला आणि देशाच्या मोठ्या स्पर्धेत, आय-लीगमध्ये, खेळू लागला. २००९ मध्ये त्याची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. ते स्वतः मुंबईच्याच संघांतून खेळलेले. क्लबकडे पैसा बेताचा होता, मोठी नावे परवडत नव्हती. या स्पर्धेचा नियम कडक असे. तळाला राहिलेल्या संघावर खालच्या वर्गात घसरण्याची पाळी येई. आपल्याकडे सात-बारावर नाव राहणे जितके महत्त्वाचे, तितके त्या क्लबला वरच्या वर्गात राहणे महत्त्वाचे होते. जमील यांनी सलग सात हंगाम संघाला तिथे टिकवून धरले. चषक नाही, मिरवणूक नाही, पण नाव टिकले.

आता माणसाचा स्वभाव बघा. जे टिकून राहते त्याची किंमत वाटेनाशी होते. संघ फार सावध खेळतो, गोल करण्यापेक्षा गोल वाचवण्याकडेच याचे लक्ष, अशी टीका होऊ लागली. २०१६ मध्ये क्लबने जमील यांना बाजूला केले. नवा कारभारी आला, नव्या आशा आल्या. आणि २०१६-१७ च्या हंगामात काय झाले? मध्येच प्रशिक्षक पुन्हा बदलावा लागला आणि दहा संघांत मुंबई एफ.सी. दहावा आला. वरच्या वर्गातून तो घसरला आणि त्यानंतर मोठ्या स्पर्धेत तो क्लब पुन्हा दिसलाच नाही.

त्याच हंगामात जमील कुठे होते? मिझोरमच्या डोंगरात, ऐझॉल एफ.सी. या छोट्या संघाकडे. तो संघ आदल्या वर्षी खाली घसरला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता हे खेळाडूही त्या संघात होते. ३० एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी केली आणि आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातल्या संघाने देशाचे विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. ज्या माणसाला एका क्लबने नको म्हटले, त्याने दुसऱ्याला राजा केले, आणि नको म्हणणारा क्लब त्याच वर्षी तळाला गेला.

एकाने पेरले, दुसऱ्याने कापले

म्हणजे जुना माणूस बदलूच नये, असा अर्थ कोणी काढील. तसा नाही. दुसरे उदाहरण बघा, तेही मुंबईचेच.

२०१४ साली मुंबई सिटी एफ.सी. हा क्लब निघाला. याचे अलीकडचे घरचे मैदान अंधेरीला. सुरुवातीच्या वर्षांत परदेशातून एकामागून एक मोठे कारभारी आले. पहिल्या वर्षी इंग्लंडचे पीटर रीड, दुसऱ्या वर्षी फ्रान्सचे निकोला अनेल्का. नावे मोठी होती, पण दर वर्षी माणूस बदलला तर माती कोण ओळखणार? पुढे माणसाला थोडा अधिक वेळ मिळू लागला आणि पीकही दिसू लागले. २०२०-२१ मध्ये सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली संघाने साखळीतला पहिला क्रमांक आणि चषक, दोन्ही मिळवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये डेस बकिंगहॅम आले. त्यांच्या वेळी संघाने एप्रिल २०२२ मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या संघाला हरवले. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ मध्ये साखळीतला पहिला क्रमांक पुन्हा मुंबईकडे आला.

मग २०२३ च्या नोव्हेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले. संघावर प्रेम करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. डिसेंबरात पेत्र क्रात्की आले. १५ एप्रिल २०२४ रोजी कलकत्त्यात मोहन बागानकडून हार झाली आणि साखळीतला पहिला क्रमांक हातचा गेला. पण ४ मे रोजी त्याच मैदानावर, त्याच संघाला ३-१ ने हरवून मुंबईने चषक आणला. पाच महिन्यांत चषक! लोकांनी क्रात्की यांना डोक्यावर घेतले आणि ते योग्यच होते. तरी शेतकऱ्याच्या नजरेने बघा. ताग गाडून, नांगरून, भुसभुशीत केलेले रान त्यांना मिळाले होते. त्यांचे श्रेय हे की उभ्या पिकाची त्यांनी नासाडी होऊ दिली नाही. पुढच्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, तोच संघ सहावा आला आणि बाद फेरीत बंगळूरकडून ५-० असा हरला. कारभारी तोच होता.

विलायतेतली गोष्ट

आता गिरगाव-दादरकडची कॉलेजातली पोरे रात्री जागून इंग्लंडचे सामने बघतात. त्यांना विचारा, मँचेस्टर युनायटेडचा थोर कारभारी कोण? ॲलेक्स फर्ग्युसन, हे उत्तर लगेच येईल. ते नोव्हेंबर १९८६ मध्ये आले आणि २०१३ पर्यंत राहिले, ३८ मानाच्या ढाली-चषक घेऊन. पण पहिला मोठा चषक मिळायला मे १९९० उजाडला आणि देशाचे विजेतेपद १९९३ मध्ये आले. १९८९ च्या अखेरीस तर प्रेक्षकांतून 'आता पुरे, जा' अशा अर्थाचा फलक झळकला होता. क्लबने तेव्हा धीर धरला. त्याच क्लबने फर्ग्युसननंतर डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांच्या करारावर आणले आणि दहा महिन्यांत काढले. त्यानंतर कारभारी येत राहिले, जात राहिले. जुने दिवस काही आले नाहीत.

आता शेवटचे उदाहरण, म्हणजे हिशेब पुरा होईल. तेच खालिद जमील १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. बऱ्याच वर्षांनी आपल्या माणसाच्या हाती कायमचा कारभार आला, म्हणून देशभर आनंद झाला. पहिल्याच स्पर्धेत संघाने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवले, ओमानला पेनल्टीवर मागे टाकले आणि तिसरा क्रमांक मिळवला. नव्याचे नऊ दिवस थाटात गेले. पण आशिया चषकाच्या पात्रतेचे गणित आधीच बिघडलेले होते. जमील यांच्या हाती संघ आला तेव्हा दोन सामन्यांत एकच गुण जमा होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि तो दरवाजा बंद झाला. पेरणीला उशीर झालेले रान हाती आले, तर चांगला शेतकरीही एका हंगामात सोळा आणे पीक देऊ शकत नाही.

आता आपल्या वावरात

हे सगळे सांगितले ते फुटबॉलसाठीच, पण तेवढ्यासाठी नाही. नोकरीत गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. वडील साठीला येतात, घरचा कारभार मुलाच्या हाती देतात. घरात आनंद असतो. पोरगा ठिबक आणतो, माती तपासून घेतो, कांद्याचे क्षेत्र वाढवतो. त्याच वर्षी कांद्याचा भाव पडतो. मग संध्याकाळी ओसरीवर बोलणी सुरू होतात, "आमच्या वेळी असे नव्हते." दिवाळीला कपाटाची किल्ली परत वडिलांच्या कमरेला येते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पोरगा एम.आय.डी.सी.त बारा तासांच्या पाळीला लागतो. भाव त्याने पाडला नव्हता. पण हिशेब त्याच्या नावावर लागला. सुनेने किंवा लेकीने शेती हाती घेतली असेल तर तिला एवढाही अवकाश मिळत नाही. तिच्या पहिल्या चुकीची वाट बघत अर्धी भावकी बसलेली असते.

म्हणून घरात नवा कारभारी नेमताना तीन गोष्टी करा.

पहिली, त्याच्या हाती काय दिले ते लिहून ठेवा. कर्ज किती, विहिरीला पाणी किती महिने, जमीन कशी, जनावरे किती. पुढे मोजमाप करायचे ते या पानावरून, शेजाऱ्याच्या उसावरून नव्हे.

दुसरी, मुदत आधी ठरवा. निदान तीन खरीप आणि तीन रब्बी. आंब्याचे कलम लावून दुसऱ्या वर्षी आपण पाटी घेऊन उभे राहत नाही. मग माणसाच्या बाबतीतच इतकी घाई का?

तिसरी, पहिल्या वर्षी पैशापेक्षा कामाची रीत बघा. सकाळी वावरात कोण जाते, हिशेबाची वही रोज भरली जाते की नाही, मजुरांशी बोलणे कसे आहे, चूक झाली तर पुढच्या पाळीला ती सुधारली का. भाव आणि पाऊस त्याच्या हातात नाहीत. या गोष्टी आहेत.

धीर धरणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. बी उगवलेच नाही तर दुबार पेरणी करावीच लागते, तिथे वाट बघण्यात शहाणपण नाही. जो वावरात फिरकतच नाही, कोणाचे ऐकत नाही, वही लपवतो, त्याच्या हातून कारभार वेळीच काढून घ्यावा. पण उगवून आलेले पीक, शेजाऱ्याचे अधिक हिरवे दिसते म्हणून, फुलोऱ्यात मोडायचे नसते. मुंबई एफ.सी.ने नेमके तेच केले.

या दिवाळीला ज्या घरांत किल्ली हातातून हातात जायची असेल, तिथे किल्लीबरोबर तो लिहिलेला कागदही द्या. आणि वडीलधाऱ्यांनी ओसरीवर बसून एवढेच विचारावे, "पुढच्या हंगामाला काय ठरवलंस?" गेल्या हंगामाचे त्याला ठाऊक असतेच.