रात्री अडीचचा काउन्सेलर

कॉलेजचा काउन्सेलर ऑफिसच्या वेळेत भेटतो. पोरांचा जीव घाबरा होतो तो मात्र रात्री. एखादा विषय राहून केटी लागलेली असते, घरी सांगायची छाती होत नाही, प्लेसमेंटच्या यादीत नाव नसतं. अशा वेळी जागा असतो तो रूममेट, आणि त्याच्याजवळ एकच औषध असतं: ‘टेन्शन नको घेऊ रे, चल, चहा मारून येऊ.’

त्या चहाला मी कमी लेखत नाही. पण ऐकून घेणंही शिकावं लागतं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७० साली ‘नाइटलाइन’ सुरू झाली. तिथे रात्री विद्यार्थीच विद्यार्थ्यांचे फोन घेतात. ऐकतात, उपदेश करत नाहीत. मुंबईच्या आयआयटीत नव्या मुलांना वरच्या वर्गातले मेंटॉर मिळतात. ‘मीही या विषयात गटांगळ्या खाल्ल्यात’ हे सीनियरने सांगितलं की ते पटतं. आपण मोठ्यांनी सांगितलं तर ते भाषण होतं.

खरी कसोटी पुढे असते. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ असं मित्र विचारतो. एरवी गुपित जपायचंच; पण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर गप्प राहायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, जाणत्या माणसापर्यंत पोचवायचं. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मध्यरात्रीही लागतो. एवढं प्रत्येक मेंटॉरला आधीच शिकवलेलं हवं. आणि दुसऱ्याचं ऐकून जो स्वतः रात्रभर तळमळतो, त्याचं कोण ऐकणार, हेही ठरलेलं हवं.

२०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. मला धास्ती वाटते ती इथे. दहा उत्साही मुलं निवडायची, टी-शर्ट वाटायचे, उद्घाटनाचा फोटो काढायचा आणि काउन्सेलरची जागा रिकामीच ठेवायची, हे आपल्या संस्थाचालकांना सहज जमेल.

मुलं एकमेकांसाठी जागायला तयार आहेत. त्यांच्या त्या चांगुलपणावर कुणी एका माणसाचा पगार वाचवू नये.